किनाऱ्यावरील पक्ष्यांचे वर्ष

तामिळनाडूचा पूर्व किनारा उत्तरेकडून जवळजवळ सरळ रेषेत दक्षिणेस उतरत येतो आणि कोडियक्करै या गावापाशी एकाएकी काटकोन करून पश्चिमेस वळतो. नकाशांवर हे टोक पॉइंट कॅलिमिअर या नावाने दाखविलेले असते. त्याच्या पूर्वेस बंगालचा उपसागर आहे, दक्षिणेस पाल्कची सामुद्रधुनी आहे आणि सामुद्रधुनीच्या पलीकडे सुमारे ५५ किलोमीटरांवर श्रीलंकेचा उत्तर किनारा आहे. टोकाच्या पश्चिमेस किनाऱ्याला समांतर अशी सुमारे ४८ किलोमीटर लांबीची उथळ, खारी दलदल पसरलेली आहे. ती वेदारण्यम् गावाच्या नावाने ओळखली जाते. एकेकाळी हा मुलूख तंजावरच्या मराठी राजांच्या अंमलाखाली होता. आज तो नागपट्टणम् जिल्ह्यात मोडतो. १९३० सालच्या एप्रिल महिन्यात चक्रवर्ती राजगोपालाचारी तिरुचिरापल्लीहून पायी निघाले आणि त्यांनी मिठाचा सत्याग्रह केला तो येथेच, वेदारण्यम् येथे. मीठ या दलदलीच्या काठी आजही पिकविले जाते.

पक्षिशास्त्रात मात्र या टोकाची ख्याती निराळ्याच कारणासाठी आहे. भारतातून दक्षिणेस जाणाऱ्या स्थलांतरी पक्ष्यांपैकी जे भूमीवर राहणारे आहेत ते शक्यतो समुद्र ओलांडण्याचे टाळतात व किनाऱ्याच्या कडेने सरकत राहतात. नाळक्याच्या तोंडाशी धान्य गोळा व्हावे तसे ते या टोकाशी गोळा होतात. दुसरे पक्षी चिखलात चरणारे. त्यांना समुद्राचे भय नाही. त्यांना येथे थांबविते ती दलदल. अशा रीतीने एकाच गावाच्या परिसरात वनातील पक्षी आणि चिखलातील पक्षी यांचे दोन प्रवाह एकत्र येतात. १९६७ साली या भागास अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले, आणि २००२ साली रामसर कराराखालील आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचा समावेश झाला.

डिसेंबर महिन्यात एखादा दिवस येथे हिंडून आलेला मनुष्य परत गेल्यावर 'पुष्कळ पक्षी पाहिले' असे सांगतो, आणि त्यात काही खोटे नसते. परंतु शास्त्राला त्याचा उपयोग फार थोडा. पुष्कळ म्हणजे किती, गतवर्षीपेक्षा अधिक की उणे, आणि उणे असल्यास का, या प्रश्नांची उत्तरे एका दिवसाच्या फेरीतून मिळत नाहीत. त्याकरिता एकच वाट वर्षभर पुनःपुन्हा चालावी लागते.

वाट आणि वही

गावातून निघून वनाच्या कडेने किनाऱ्यास लागावे, वाळूवरून समुद्र डाव्या हातास ठेवून टोकाला वळसा घालावा आणि तेथून आत शिरून दलदलीच्या काठाशी यावे, अशी ही साधारण दोन-तीन तासांची चाल आहे. अभयारण्याच्या हद्दीत जावयाचे तर वनखात्याची परवानगी घ्यावी लागते. वाटेवरील वन हे पावसाळी कोकणातल्या वनासारखे उंच व घनदाट नाही. ते खुरटे, काटेरी परंतु सदाहरित असते. त्यातला मुख्य वृक्ष महाराष्ट्रात खिरणी किंवा रांजण या नावाने ओळखला जातो. पिलूची झाडेही येथे पुष्कळ आहेत, व त्यांच्या फळांवर अनेक पक्षी जगतात. किनाऱ्याजवळ चोळ राजांच्या काळचे म्हणून दाखविले जाणारे एक दीपगृह होते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामी लाटांनी ते ढासळले, आणि आता त्याचे अवशेष तेवढे दिसतात.

निरीक्षकाजवळ लागणारी साधने मोजकी आहेत. एक दुर्बीण, एक वही आणि घड्याळ. वहीत पक्ष्यांच्या नावांआधी चार गोष्टी लिहावयाच्या असतात : दिनांक, निघण्याची व परतण्याची वेळ, वारा, आणि पाण्याची उंची. शेवटच्या दोहोंचे महत्त्व येथे विशेष आहे. मुंबईच्या शिवडी येथील चिखलात पक्षी पाहणाऱ्यास भरती-ओहोटीचे कोष्टक पुरते, कारण तेथे समुद्र दिवसातून दोनदा कित्येक मीटर चढतो व उतरतो. कोरोमंडलच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील अंतर एक मीटरही भरत नाही. वेदारण्यम् ची दलदल इतकी सपाट व उथळ आहे की, नुसता वारा फिरला तरी पाणी एका बाजूस ढकलले जाते आणि सकाळी कोरडा असलेला चिखल दुपारी बोटभर पाण्याखाली जातो. टिलव्यासारख्या आखूड पायांच्या पक्ष्याला बोटभर पाणी आणि हातभर पाणी यांत जगण्या-न जगण्याचा फरक असतो. त्यामुळे वारा न लिहिता केवळ 'आज टिलवे थोडे' असे लिहिणे म्हणजे अर्धीच नोंद होय.

थवा मोजण्याची युक्ती सोपी आहे, पण ती हाती बसण्यास दिवस लागतात. प्रथम थव्याच्या कडेचे दहा पक्षी एकेक करून मोजावयाचे. दहा पक्षी किती जागा व्यापतात हे डोळ्यात ठसले की, तेच माप पुढे पुढे ठेवीत थव्याच्या दुसऱ्या टोकापर्यंत जावयाचे. मोठा थवा असेल तर शंभराचे माप घ्यावे. नवशिक्याचा अंदाज बहुधा कमी भरतो, अधिक नव्हे. आणखी एक नियम नवशिक्यांना विचित्र वाटतो. ज्या दिवशी एखादी जात दिसली नाही त्या दिवशी तिच्यापुढे शून्य लिहावयाचे. जागा कोरी सोडली तर दहा वर्षांनी वही वाचणाऱ्यास पक्षी नव्हता की पाहणारा नव्हता, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

ऑगस्ट ते ऑक्टोबर : परतणारे

या पक्ष्यांचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, चैत्रातही नाही. ते ऑगस्टमध्ये सुरू होते. कोकणात त्या वेळी श्रावणसरी चाललेल्या असतात. कोडियक्करै येथे मात्र उन्हाळा अजून संपलेला नसतो. दलदलीचा मोठा भाग वाळून भेगाळलेला असतो, उरलेले पाणी समुद्राहूनही खारट झालेले असते आणि पांढऱ्या मिठाची साय जागोजाग चकाकत असते. अशा रखरखाटात सैबेरियाहून निघालेले पहिले पक्षी येऊन उतरतात.

त्यांत छोटा टिलवा असतो, निरनिराळे चिखले असतात आणि एक मध्यम आकाराचा, खाली वाकलेल्या लांब चोचीचा पक्षी असतो. इंग्रजीत त्याला कर्ल्यू सँडपायपर म्हणतात. त्याला वाकड्या चोचीचा टिलवा म्हणता येईल. वजन सारे पन्नास-पंचावन्न ग्रॅम. त्याचे घरटे उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, तैमिर द्वीपकल्प व त्याच्या आसपासच्या वृक्षहीन दलदलीत असते. विणीच्या काळात त्याची छाती विटेसारखी तांबडी असते. ऑगस्टमध्ये आलेल्या पक्ष्यांच्या अंगावर या तांबड्या रंगाचे विरलेले, ठिगळ लावल्यासारखे अवशेष दिसतात. एक-दोन महिन्यांत ती पिसे गळून पडतात व पक्षी वरून करडा, खालून पांढरा होतो. उडण्याची मोठी पिसेही तो येथे येऊनच बदलतो. वस्त्र बदलण्यास मनुष्याला पैसा लागतो तसे पिसे बदलण्यास पक्ष्याला अन्न लागते. म्हणून हे तीन-चार महिने त्याला पोटभर चारा मिळणे अगत्याचे असते.

येण्याचा क्रम पाहण्यासारखा आहे. या जातीत नर अंडी उबवीत नाही. वीण उरकताच, जुलैच्या प्रारंभी तो दक्षिणेची वाट धरतो. मादी पिले मोठी होत आल्यावर निघते. पिले शेवटी निघतात, आणि त्यांना वाट दाखविणारे कोणीही बरोबर नसते. दोन महिने वयाचा पक्षी पूर्वी कधीही न पाहिलेल्या भूमीकडे हजारो किलोमीटर उडत येतो व अचूक चिखलावर उतरतो! दिशा ओळखण्यासाठी पक्षी सूर्य, तारे व पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांचा उपयोग करतात हे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. या गोष्टी पिलाच्या मेंदूत एकत्र कशा जुळतात, याचा शोध अजून चालू आहे.

सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ही पिले कोडियक्करैच्या चिखलावर दिसू लागतात. सावकाश पाहिले तर ती ओळखता येतात. पाठीवरील प्रत्येक पिसाला फिकट किनार असते, त्यामुळे पाठ माशाच्या खवल्यांनी मढविल्यासारखी दिसते. छातीवर बदामी छटा असते. वर्षअखेरीपर्यंत ही पिसेही बदलतात, आणि मग प्रौढ व पिलू यांतील भेद दुर्बिणीतून करणे फार कठीण होते. तेव्हा वाटेवर चालणाऱ्याने थव्यातील शंभर पक्ष्यांत पिले किती, हे ऑक्टोबरातच लिहून ठेवले पाहिजे. ती संख्या पुढे कोणत्या उपयोगी पडते ते लवकरच दिसून येईल.

याच सुमारास वनाच्या वाटेवर दुसरा प्रवाह येऊन पोहोचतो. स्वर्गीय नर्तक, तपकिरी माशीमार, रानातील धोबी असे लहान पक्षी पिलूच्या झाडांत हालू लागतात. नवरंग हा त्यांतला सर्वांत लोभस. हा पक्षी रात्री उडतो, आणि पहाटे थकून जेथे उतरेल तेथे उतरतो. एखाद्या घराच्या पडवीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात तो सापडल्याच्या हकीकती दक्षिणेत दर वर्षी ऐकू येतात. अशा पक्ष्यास अंधाऱ्या, हवेशीर खोक्यात काही तास विश्रांती देऊन संध्याकाळी झाडीजवळ सोडावे, हे उत्तम.

पाऊस येतो तेव्हा

महाराष्ट्रातील पाऊस संपतो तेव्हा येथील पाऊस सुरू होतो. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीवर आपले पाणी रिते करून तामिळनाडूच्या किनाऱ्यावर कोरडे होऊन पोहोचतात. ऑक्टोबरात वाऱ्यांची दिशा पालटते, ते ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून वाहू लागतात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत येथील पावसाचा बहुतेक वाटा पडून जातो. चक्रीवादळेही याच काळात येतात. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी 'गज' नावाचे वादळ वेदारण्यम् जवळच जमिनीवर आले आणि त्याने अभयारण्यातील असंख्य झाडे उन्मळून टाकली.

पावसाने दलदलीचे रूप पालटते. गोडे पाणी खाऱ्यात मिसळते, भेगा बुजतात, पाण्यात किड्यांच्या अळ्या, कोळंबीची व माशांची पिले यांची दाटी होते. मग बदके येतात : लांब शेपटीचे तलवार बदक, पसरट चोचीचा थापट्या, चक्रांग व तरंग. खोल पाण्यात रोहित पक्षी उभे राहतात. त्यांच्या लांब पायांमुळे जेथे टिलव्यांचा पाड लागत नाही तेथे ते आरामात चालतात, आणि मान वाकवून, चोच उलटी करून पाणी गाळतात. मोठा रोहित अळ्या व बारीक कोळंब्या गाळून खातो. लहान रोहिताचे अन्न मुख्यतः सूक्ष्म शैवाल होय. दोघांचाही गुलाबी रंग अन्नातून येतो, अंगभूत नव्हे. भारतात रोहितांची मोठी वीण होते ती दूर कच्छच्या रणात.

चिखलावर चरणाऱ्यांत अन्नाची वाटणी चोचीच्या लांबीने होते. चिखल्याची चोच आखूड व डोळे मोठे. तो पृष्ठभागावर हालचाल दिसली की धावत जाऊन टिपतो. छोटा टिलवा शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे वरचा थर टोचीत जातो. वाकड्या चोचीचा टिलवा त्याहून खोल शिरतो, आणि कोरल हा मोठा पक्षी आपली वीतभर वाकडी चोच मुळाशी जाईपर्यंत खुपसून खोल बिळांतले किडे व खेकडे काढतो. अशा पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाशी अतिशय सूक्ष्म स्पर्शेंद्रिये असतात. चिखलात दडलेले भक्ष्य त्यांना दिसत नाही, ते जाणवते. शिवाय चोच सबंध न उघडता केवळ तिचे टोक उघडण्याची कला त्यांतील अनेकांना साधलेली आहे. तसे नसते तर चिखलात घट्ट रुतलेली चोच उघडणेच अशक्य झाले असते.

मध्येच सगळा थवा एकदम उठतो आणि वळताना चांदीच्या पत्र्यासारखा चमकतो. निरीक्षकाने अशा वेळी खाली न पाहता वर पाहावे. बहुधा तेथे बहिरी ससाणा असतो.

जानेवारीत सर्व देशभर, किंबहुना आशियाभर, पाणपक्ष्यांची गणना होते. १९८७ साली भारतीय उपखंडात तिचा प्रारंभ झाला. या महिन्यात पक्षी फारसे हालत नाहीत, म्हणून दोन ठिकाणच्या संख्यांत तोच पक्षी दोनदा मोजला जाण्याचा संभव कमी असतो. वाटेवरील वर्षभराच्या नोंदी आणि ही एक दिवसाची मोठी गणना परस्परांना पूरक ठरतात.

संख्या घटली, म्हणजे काय घडले?

आता मूळ प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. समजा, एका वर्षी वाटेवर वाकड्या चोचीचे टिलवे गतवर्षीच्या निम्मेच आढळले. यावरून काय समजावे?

पहिली शक्यता अशी की, पक्षी आहेत, पण वाटेवरून दिसत नाहीत. पाऊस अधिक झाल्याने पाणी चढले असेल व थवे दलदलीच्या दुसऱ्या भागात गेले असतील. वारा व पाण्याची उंची वहीत लिहिलेली असेल तर ही शंका बहुधा तेथल्या तेथे फिटते.

दुसरी शक्यता सैबेरियातील आहे, आणि ती मोठी मौजेची आहे. तैमिरच्या दलदलीत लेमिंग नावाचा उंदरासारखा प्राणी राहतो. त्याची संख्या साधारण तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने चढते व एकाएकी कोसळते. ध्रुवीय कोल्हे व स्कुआ नावाचे लुटारू पक्षी लेमिंगांवर जगतात. लेमिंग विपुल असतात त्या वर्षी ते पोटभर खातात, त्यांची पिलेही वाढतात, आणि टिलव्यांच्या घरट्यांकडे कोणी लक्ष देत नाही. पुढील वर्षी लेमिंग नाहीसे होतात. आता वाढलेल्या कोल्ह्यांना खावयास काहीतरी हवे. ते अंडी व पिले शोधून फस्त करतात. परिणामी त्या वर्षी दक्षिणेत पिले जवळजवळ येतच नाहीत. युरोप व आफ्रिका येथील किनाऱ्यांवर मोजलेली पिलांची संख्या आणि सैबेरियातील लेमिंगांचे चढउतार यांचा हा मेळ १९७० व १९८० च्या दशकांतील अभ्यासांतून उघडकीस आला. ज्या किनाऱ्यावर लेमिंग कोणी कधी पाहिला नाही, तेथील चिखलात उभे राहून त्याची खबर अशी मिळू शकते!

म्हणून ऑक्टोबरातील ती संख्या महत्त्वाची. थव्यात प्रौढ पक्षी नेहमीइतके, पण खवल्यांच्या पाठीची पिले नगण्य, असे आढळले तर वीण फसली असे मानण्यास आधार मिळतो. अशी एक-दोन वर्षे आली तरी चिंतेचे कारण नाही, कारण हे पक्षी कित्येक वर्षे जगतात व पुढील चांगल्या वर्षी तूट भरून काढतात. मात्र पिले व प्रौढ पुष्कळदा निरनिराळ्या ठिकाणी चरतात, त्यामुळे एकाच थव्यावरून अनुमान काढणे धोक्याचे. वाटेवरील निरनिराळ्या जागी, निरनिराळ्या दिवशी मोजले पाहिजे. आणखी एक गोष्ट अभ्यासकांना अस्वस्थ करते. हवामान उबदार होत गेल्यापासून नॉर्वे व ग्रीनलंड येथील काही भागांत लेमिंगांचा हा फेरा मंदावल्याचे दिसून आले आहे. चांगली वर्षेच विरळ झाली तर तूट भरावयाची केव्हा?

तिसरी शक्यता सर्वांत गंभीर होय. पिलांचे प्रमाण नेहमीसारखे, परंतु एकूण संख्या मात्र वर्षानुवर्षे उतरत आहे. याचा अर्थ असा की, मोठे पक्षीच मरत आहेत. ते बहुधा वाटेत किंवा हिवाळी मुक्कामी मरतात. पूर्व आशियात याचे ढळढळीत उदाहरण घडले. दक्षिण कोरियातील सेमांगुम येथे ३३ किलोमीटर लांबीची भिंत २००६ साली पुरी करून समुद्राला अडविण्यात आले. तेथील चिखलावर उतरून पुढे सैबेरियास जाणाऱ्या पक्ष्यांतील काही जाती त्यानंतर ऑस्ट्रेलियातील किनाऱ्यांवरही झपाट्याने उणावल्या. त्यांच्या जन्मस्थानी किंवा हिवाळी घरी काहीही बिघडले नव्हते. मधला मुक्काम तेवढा गेला होता.

वेदारण्यम् च्या दलदलीविषयी असा एकच अपराधी दाखविता येत नाही. पूर्वीच्या तुलनेत येथील अनेक पाणपक्षी उणावल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. कावेरीच्या फाट्यांतून येणारे गोडे पाणी कमी झाले, मिठागरे वाढली, पाण्याचा खारेपणा बदलला आणि त्याबरोबर चिखलातील जीवही बदलले, अशी कारणांची साखळी मांडली जाते. येथे मिठागरांना सरसकट दोष देणे न्यायाचे होणार नाही. उथळ, कमी खारट पाण्याच्या वाफ्यांत शेकाट्या, चिखले व रोहित आवडीने चरतात. पाणी आटून अतिखारट झालेल्या वाफ्यांत मात्र त्यांना काही मिळत नाही. पाणी कोणत्या महिन्यात किती खोल व किती खारट ठेवावयाचे, हा येथील खरा प्रश्न आहे. जगभरच्या स्थितीचा विचार केला तर काळजी अधिकच वाढते. वाकड्या चोचीचा टिलवा हा २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक यादीत धोक्यात आलेल्या जातींच्या वर्गात घालण्यात आला; करडा चिखल्याही त्याच वेळी त्या वर्गात गेला. ज्यांना पक्षिनिरीक्षक एका पिढीपूर्वी 'नेहमीचे' म्हणून ओलांडून पुढे जात, ते हे पक्षी.

पायातील वाळा

तोच पक्षी पुनःपुन्हा येतो की दरवर्षी निराळा, हे नुसत्या मोजणीने कळत नाही. त्यासाठी पक्ष्याच्या पायात अ‍ॅल्युमिनियमचा हलका, क्रमांक कोरलेला वाळा घालतात. ही पद्धत डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ साली पद्धतशीरपणे सुरू केली. भारतात मोठ्या प्रमाणावर हे काम १९५९ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली हाती घेतले, आणि त्यामागे एक रोग होता. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या वनात माकडांना व माणसांना मारणारा ताप उद्भवला. त्याचा विषाणू रशियातील एका तापाच्या विषाणूचा नातलग निघाला, तेव्हा स्थलांतरी पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडींतून तो आला की काय, अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली व जाळी पसरली गेली. पक्ष्यांवरचा आरोप सिद्ध झाला नाही. त्यांच्या प्रवासाची माहिती मात्र पुष्कळ जमली. पक्षी इजा न करता पकडण्याच्या कामी बिहारातील मीरशिकार जमातीच्या पारध्यांचे पिढीजात कौशल्य या संस्थेस मोलाचे ठरले. पुढे कोडियक्करै हे या कार्याचे एक प्रमुख केंद्र बनले. वाळ्यावर संस्थेस कळविण्याची सूचना कोरलेली असते. अलीकडे पायावर रंगीत पट्टीही लावतात. ती दुरून दुर्बिणीने वाचता येते व पक्षी पुन्हा पकडण्याचे कारण पडत नाही.

मार्च ते जुलै : निघणारे आणि राहणारे

मार्चमध्ये चिखलावरील पक्षी बदलू लागतात. करडा रंग जाऊन छातीवर तांबडे ठिपके उमटतात आणि पक्षी दिवसेंदिवस गोल दिसू लागतो. हा त्याचा लठ्ठपणा नव्हे, हे इंधन होय. एक ग्रॅम चरबीतून मिळणारी शक्ती तेवढ्याच वजनाच्या साखरेपेक्षा दुपटीहून अधिक असते, आणि चरबी जळताना पाणीही तयार होते. वाकड्या चोचीचा टिलवा निघण्यापूर्वी ८० ग्रॅमच्या पुढे जातो, म्हणजे आपल्या वजनाच्या निम्म्याइतका भार अंगावर वागवितो. मळगुजा कुळातील एका जातीत तर निघण्याच्या सुमारास पोटातील पचनेंद्रिये आकसून लहान झालेली आढळली. हवेत ज्यांचे काम नाही ती ओझी कशाला न्यावयाची? त्याच जातीच्या एका पाच महिने वयाच्या पक्ष्याने २०२२ च्या ऑक्टोबरात अलास्काहून निघून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५०० किलोमीटरांचा प्रवास ११ दिवसांत, कोठेही न उतरता केला. पाठीवरील लहानशा यंत्राने उपग्रहाकडे पाठविलेल्या संदेशांवरून हे कळले.

या तीन-चार आठवड्यांत चिखलावर जे खावयास मिळाले तेच पुढे उपयोगी पडते. पुरेशी चरबी न साठविता निघालेला पक्षी वाटेत पडतो, किंवा तैमिरला उशिरा पोहोचतो. तेथील उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा असल्याने उशिरा घातलेल्या अंड्यांतील पिले वाढण्यापूर्वीच थंडी येते. मार्च-एप्रिलमधील दलदलीचे पाणी म्हणून इतके मोलाचे. याच दिवसांत वाटेवर माणसे, कुत्री किंवा वाहने यांनी थवे वरचेवर उठविले तर दर वेळी थोडी चरबी व्यर्थ जळते. वाळूच्या वरच्या कडेने चालावे, थव्याकडे सरळ न जाता तिरके जावे, आणि पक्ष्यांनी माना उंचावताच थांबावे, हा निरीक्षकांचा जुना रिवाज याच कारणासाठी आहे.

एप्रिलच्या अखेरीस एखाद्या संध्याकाळी थवे अस्वस्थ होतात, ओरडत उठतात, परत बसतात, पुन्हा उठतात, आणि काळोख पडण्याच्या सुमारास उत्तरेकडे उंच चढत जातात. मे महिन्यात दलदल रिकामी झाली असे पाहणाऱ्यास वाटते. रोहितही बहुतेक गेलेले असतात. पण वाट चालणे थांबवू नये. मिठागरांच्या बांधांवर शेकाट्या अंडी घालतात, उघड्या वाळूवर छोटा सुरय व केंटिश चिखल्या यांची वीण होते. त्यांची ठिपकेदार अंडी शिंपल्यांच्या तुकड्यांत इतकी मिसळून जातात की पाऊल टाकताना खाली पाहूनच टाकावे लागते.

शिवाय काही टिलवे गेलेलेच नसतात. गतवर्षी सप्टेंबरात आलेली पिले पुष्कळदा पहिला उन्हाळा दक्षिणेतच काढतात. त्यांच्या अंगावर तांबडा रंग चढत नाही, वजन वाढत नाही, आणि एकीकडे सैबेरियात त्यांच्या जातीचे पक्षी अंडी उबवीत असता ही करडी, अर्धवट वाढीची पाखरे जून-जुलैच्या कडक उन्हात उरल्यासुरल्या पाण्याशी चरत असतात. त्यांची संख्याही वहीत लिहावी. गतवर्षीच्या ऑक्टोबरातील पिलांच्या आकड्याशी ती ताडून पाहिली म्हणजे आधीचा अंदाज कितपत खरा होता, याची एक ढोबळ परीक्षा होते. जुलै संपतो, ऑगस्टचा पहिला आठवडा उजाडतो, आणि एका सकाळी या करड्या पाखरांत विटेच्या रंगाची छाती असलेला, पिसे झिजलेला एखादा नर चरताना दिसतो. वहीत नवे पान उघडून त्याचा दिनांक लिहावयाचा.